४२९४९६७२९७ : मूळ असल्याचं सोंग

आजचा दिवस या एका संख्येत गेला. २ चा ३२ वा घात अधिक १. गणितज्ञ फर्माला ती मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी) वाटली होती, गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये फोडली: ६४१ × ६७००४१७.

६४१ च का? हिचा मूळ अवयव ६४क + १ (क ही पूर्ण संख्या) या रूपातलाच हवा. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्या भागाकारात काम संपतं!

भागाकारही नको असेल तर हे पाहा. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ६४१ ने भागताना ५ × २^७ (२^७ म्हणजे २ चा ७ वा घात, १२८) ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भागाला एक कमी), चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: २^३२ ची बाकी −१. झालं.

फसगत कुठे होते? पाया २ घेऊन फर्मा चाचणी (संख्या न मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ यायला हवी) लावली तर ही बेमालूम पास होते, कारण २^६४ ची बाकी १ येते आणि ६४ ने न−१ ला भाग जातो. पाया ३ घ्या, लगेच उघडी पडते. आणि प्रोग्राममध्ये ३२-बिट चिन्हरहित पूर्णांकात (ज्यात २^३२ − १ पर्यंतच मावतं) ठेवलीत तर उरतो फक्त १. तिथे ६४-बिटच हवं.