तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या लढाईसाठी नियम कोणते घ्यावेत?

विज्ञानकाल्पनिक मिनिएचरची, म्हणजे टेबलावर हलवायच्या छोट्या सैनिकांच्या आणि यंत्रांच्या पुतळ्यांची, मोठी लढाई मांडायची असेल तर कोणते नियम घ्यावेत, हा प्रश्न सांगली-मिरजेतले खेळाडू मला वारंवार विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा नियमसंच आधीच ठरलेला असतो आणि त्याला माझा दुजोरा हवा असतो. मी मात्र पुस्तकाच्या नावाआधी एकच गोष्ट पाहतो: एका बाजूची चाल चालू असताना समोरच्यांना किती वेळ नुसते बसून राहावे लागते?

आमच्याकडे ही कसोटी अधिकच महत्त्वाची ठरते. बुद्धिबळाचे संघटक भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे सांगलीत बुद्धिबळ घरोघरी पोहोचले आहे, आणि या खेळाकडे वळणाऱ्यांपैकी बरेच जण पटावरूनच आलेले असतात. एका चालीला लगेच एका चालीने उत्तर देण्याची त्यांना सवय असते. अशा माणसाला समोरच्याचे सगळे सैन्य हलून आणि गोळीबार करून होईपर्यंत थांबायला लावले, तर त्याचे मन खेळातून उडते, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

१९८७ पासून चालत आलेल्या वॉरहॅमर ४०,००० या प्रसिद्ध मिनिएचर खेळाची रचना याच धर्तीची आहे: एक बाजू आपली पूर्ण पाळी खेळते, मग दुसरी. वीस सैनिकांच्या एका तुकडीने प्रत्येकी दोन गोळ्या झाडल्या असे धरा. ४० फासे टाकायचे. तीन किंवा अधिक पडल्यास नेम लागत असेल तर सुमारे २७ नेम लागतात. ते फासे पुन्हा टाकायचे. चार किंवा अधिक लागत असतील तर सुमारे १३ जखमा होतात. मग समोरचा चिलखताचे, म्हणजे बचावाचे, फासे टाकतो, आणि शेवटी समोरचे चार-पाच सैनिक पडतात. हे सारे एका तुकडीच्या एका गोळीबारासाठी. दोन्ही बाजूंना २००० गुणांचे सैन्य (प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीनुसार गुण असतात) असेल तर २०२३ चे नियमपुस्तकच तीन तास धरते. तेवढ्या सैन्याला ही रचना पेलते आणि तिच्यात एक वेगळी मजाही आहे. पण चार मित्रांनी आपापली सैन्ये एकत्र आणली की तीच रचना संध्याकाळ खाऊन टाकते.

दुसरी गोष्ट जमिनीच्या मापाची आहे, आणि तिच्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. आम्ही मोठी लढाई टेबल टेनिसच्या टेबलावर मांडतो. त्याची लांबी ९ फूट असते. २८ मिलीमीटर उंचीचा सैनिक साधारण १/५६ प्रमाणात असतो, म्हणजे त्याच्या मापाने ते टेबल जेमतेम १५० मीटर लांबीचे रणांगण ठरते. साधी रायफलदेखील त्याच्या पलीकडे मारा करते. तोफखाना, रणगाड्यांची फळी आणि डोंगराएवढे यंत्रमानव एवढ्या जागेत उभे केले की वळसा घालायला वाव उरत नाही, आणि लढाई समोरासमोर फासे टाकण्यापुरती उरते. ६ मिलीमीटरच्या सैनिकांसाठी, म्हणजे १/३०० प्रमाणात, तेच टेबल ८०० मीटरहून लांब होते. राखीव दल मागे ठेवणे, एका बगलेवर जोर लावणे, एखादा पूल रोखून धरणे या गोष्टींना तेव्हा कुठे अर्थ येतो.

म्हणून ज्याने अजून काहीच विकत घेतलेले नाही, त्याला मी ६ मिलीमीटर आणि २००३ सालचा एपिक आर्मागेडन, म्हणजे वॉरहॅमर ४०,००० च्याच जगातल्या मोठ्या लढायांचा नियमसंच, सुचवतो. त्यात दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक दल, म्हणजे अनेक युनिटांचा (सैनिकांचे छोटे गट किंवा एकेक रणगाडा) गट, हलवतात, त्यामुळे कोणालाही फार वेळ थांबावे लागत नाही. परंतु माझ्या दृष्टीने त्याचा खरा गुण दबावाच्या खुणांत आहे. एखाद्या दलावर गोळीबार झाला की, कोणी मेले नाही तरी, त्याला एक खूण मिळते, आणि मेलेल्या प्रत्येक युनिटमागे आणखी एक. खुणा अंगावर असलेल्या दलाला हुकूम पाळणे अवघड जाते, आणि खुणा युनिटांच्या संख्येएवढ्या झाल्या की ते दल मोडते. सेनापतीला पडणारा प्रश्न इथे पडतो: शत्रूला मारायचे, की नुसते दबवून पुढे सरकायचे? शिवाय एक दल हलवल्यावर लगेच दुसरेही हलवण्याची जोखीम घेता येते. हुकुमाचा फासा चुकला तर त्या दलाला एक खूण मिळते आणि त्याला फारसे काही करता येत नाही. मोठ्या लढाईच्या नियमांनी मला हेच द्यावे. कोणत्या सैनिकाच्या हातात कोणती बंदूक आहे, हे त्या उंचीवरून दिसू नये.

ज्यांच्या कपाटात २८ मिलीमीटरची सैन्ये आधीच रंगवून ठेवली आहेत, त्यांना ती विकायला सांगणे योग्य नाही. रंगकामात गेलेल्या रात्रींची किंमत मी जाणतो. त्यांनी वॉरहॅमर ४०,००० च्याच मोठ्या लढायांसाठीचा २०१९ चा अपोकॅलिप्स पाहावा. त्यात दले आळीपाळीने हलतात आणि नुकसानीचा हिशेब फेरीच्या शेवटी होतो, त्यामुळे पहिल्याच गोळीबारात कोणाचे आवडते युनिट हात न उचलता टेबलावरून जात नाही. वेगवेगळ्या गावांहून येणाऱ्या खेळाडूंसाठी ही तरतूद मला फार मोलाची वाटते. नवख्यांसाठी ग्रिमडार्क फ्यूचर हा सोपा नियमसंच बरा: मूळ नियम विनामूल्य मिळतात, आणि नेमाचे व बचावाचे असे दोनदाच फासे टाकायचे असतात.

बॅटलटेक या प्रचंड लढाऊ यंत्रांच्या खेळाच्या चाहत्यांना माझे उत्तर थोडक्यात आहे. १९८४ पासूनच्या मूळ खेळात प्रत्येक यंत्राच्या डोके, धड, हात, पाय यांच्या चिलखताची आणि उष्णतेची वेगळी नोंद ठेवावी लागते. एका बाजूला चार यंत्रे असतील तर तो तपशील आनंद देतो. बारा असतील तर लढाईपेक्षा लिखाणच जास्त होते. तिथे त्याच खेळाचा सुटसुटीत नियमसंच, अल्फा स्ट्राइक, घ्यावा, कारण त्यात एका यंत्राचे सारे काही एका कार्डावर मावते.

निर्णय घेण्यापूर्वी निम्मे सैन्य घेऊन एक संध्याकाळ खेळून पाहा, आणि नियमांचा एक पानी गोषवारा मराठीत लिहून प्रत्येकाच्या हाती द्या. तीन तासांत तिसरी फेरी पूर्ण झाली नाही, तर पूर्ण सैन्यासाठी तो नियमसंच घेऊ नका.