स्कोअरबुक अपडेट: ‘२/डीएच’ने डोकं खाल्लं

मागच्या वेळी पोराच्या हायस्कूल बेसबॉलच्या मॅचचा मी लिहिलेल्या स्कोअरबुकच्या पानाचा फोटो टाकला होता, तो विसरा, कोचने त्या पानाची पार वाट लावली. आमच्या चिरंजीवांना कधी शॉर्टला, कधी सेंटरला, तर मेन पिचरचा पिच काउंट (बॉल टाकायची मर्यादा) भरला की थेट माउंडवर पिचिंगला असं फिरवतात हे तुम्हाला माहितीच आहे, आणि त्याचा काही त्रास नव्हता, वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो (पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६, सेंटर ८), तर ६ च्या पुढे ८ लिहायचं, वर बारीक इनिंगचा आकडा, झालं. पण आता नेहमीचा कॅचर बोट दुखावून बसलाय म्हणून मास्क याच्या डोक्यावर आलाय आणि लाइनअप कार्डावर याच्या नावापुढे ‘२/डीएच’ (डीएच म्हणजे फिल्डरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा).

म्हणजे तोच २०२० चा हायस्कूलचा नियम, सुरुवातीचा फिल्डर स्वतःच स्वतःचा डीएच. चौथी इनिंग संपल्यावर कोचने याला प्लेटमागून उठवलं, बेंचवरचा दुसरा पोरगा कॅचर म्हणून आत, बॅटिंग मात्र आमच्याचीच चालू, आणि सातव्यात हा परत कॅचर. एकदा परत येता येतं, नियमात बसतं. कागदावर कुठे बसवू? बॅटर बदललेलाच नाही, त्यामुळे आपली नेहमीची जाड उभी रेघ मारता येत नाही. आणि त्या दुसऱ्या पोराने पाचवी-सहावी अख्खी उकिडवं बसून मातीतले बॉल छातीवर झेलले, पण बॅट हातात धरली नाही म्हणून बॅटिंगच्या रकान्यात त्याचा मागमूस नाही. क्रिकेटच्या वहीत सब्स्टिट्यूटने कॅच घेतला तर निदान ‘सब’ तरी लिहितात हो! बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) रुजवणारा हेन्री चॅडविक स्वतः आधी क्रिकेटचा बातमीदार, त्याच्या वेळी डीएच नव्हता, सुखी माणूस.

बॅटिंगच्या रकान्यातला चौकोन तिरका कापून बघितला, आत छापलेला डायमंड आडवा येतो. लाल पेनाने लिहिलं तर न्यू जर्सीतला एप्रिल, भुरभुर सुरू झाली आणि लाल शाई तीन ओळींत पसरली. (ऑनलाइन मागवलेल्या वहीचा कागदही पापडासारखा आहे, परत घेणार नाही. पेन्सिल ०.९ चीच घ्या, ०.५ चं शिसं गारठलेल्या बोटांनी टिकत नाही. आणि अ‍ॅप वापर म्हणू नका, ओल्या स्क्रीनवर बोट सरकलं की वॉकचा सिंगल होतो.)

शेवटी पानाच्या तळाला वेगळा तक्ता आखला, नऊ पोझिशनच्या नऊ ओळी, सात इनिंगचे सात रकाने, आत जर्सी नंबर. जमलं! दोन नंबरची ओळ वाचली की कोण कधी मागे बसला ते लगेच कळतं.

आता दुसरी गंमत. बेस रिकामे असताना इनफिल्डमध्ये ग्राउंडर (जमिनीवरून सरपटत जाणारा बॉल) गेला की कॅचर सगळं चिलखत घालून फर्स्टच्या मागे धावतो, थ्रो चुकला तर अडवायला. बहुतेक वेळा थ्रो नीट जातो आणि हा नुसता परत येतो, त्याला वहीत खूणच नाही. मी चौकोनाखाली एक टिंब द्यायला लागले. सातव्यात शॉर्टने फर्स्टच्या डोक्यावरून फेकला, रनर सेकंडकडे वळला, तर हा कुंपणापाशी हजर, उचलून सेकंडला, आणि तिथे तोच शॉर्ट. ई६, म्हणजे शॉर्टची एरर, मग २-६, म्हणजे कॅचरने शॉर्टला फेकून आउट! एकाच चौकोनात एकाच पोराची एरर आणि पुटआउट. अशी नोंद आयुष्यात पहिल्यांदा केली, हात थरथरत होता. त्या चौकोनाखालचं टिंब मी मुद्दाम गिरवून ठळक केलं.

प्रॅक्टिस संपल्यावर आमचा आणि तो बेंचवरचा, हे दोन्ही कॅचर मागे थांबतात आणि एकमेकांना टप्प्याचे बॉल टाकतात, खरं तर कॅचरची जागा एकच. मी गाडीत बसून बिस्किटं खाते.

हे टाइप करतानाच सुचतंय, तक्ता उलटाच करावा की. ओळ पोझिशनची नको, पोराची, आणि आत पोझिशनचा आकडा. मग बेंचवरच्यांनाही ओळ मिळेल आणि आमच्याची कॅचर होण्याआधीची मॅच ६ ६ ६ ८ ८ १ १ अशी सरळ वाचता येईल. पण मग ओळी पंधराच्या वर जातात, पान पुरणार नाही. टिंबांचा वेगळा रकाना करू का? की डाव्या पानावर नुसती फिल्डिंग आणि उजव्यावर बॅटिंग? बहुतेक हेच करणार, पुढच्या होम गेमला.

फक्त एक सांगा, कॅचर बेसवर गेला की कोर्टसी रनर (त्याच्या बदली पळणारा) येतो, त्याची खूण तुम्ही कशी करता? आमच्याकडे ‘२/डीएच’ बेसवर आणि त्याच्या जागी तिसराच पळतोय, तिथे मी सध्या नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.