हरणाच्या मागावर

स्नेहसंमेलन, सहली आणि छड्या यांवर लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील. मी इंग्रजीच्या सरांच्या एकाच तासाबद्दल लिहितो; भाषेचा नाद मला तिथे लागला.

आठवीत वचनं चालली होती. 'शीप' आणि 'डिअर' अनेकवचनातही तसेच राहतात, एवढं पाठ करून आम्ही मोकळे. कुणीतरी विचारलं, "का, सर?" असं विचारणारं पोर भेटलं की त्या दिवशीचा धडा बुडालाच!

सर सांगू लागले: 'डिअर'चं जुन्या इंग्रजीतलं रूप 'देओर', म्हणजे कुठलाही रानातला प्राणी. शब्द नपुंसकलिंगी, आणि तसल्या बऱ्याच शब्दांना अनेकवचनात प्रत्यय लागत नसे. ती खोड अजून टिकून आहे. हरणाच्या नराला वेगळा शब्द होता, 'हेओरोत'. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातल्या राजमहालाचं नाव तेच. १०६६ मध्ये फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंड जिंकायला आले, त्यांच्या फ्रेंचमधून पशू या अर्थाचा 'बीस्ट' आला, पुढे लॅटिनमधला 'अॅनिमल' रुळला. 'देओर'ची जहागीर आटत गेली आणि सरदारांची आवडती शिकार असलेलं हरीण तेवढं त्याच्या पदरात उरलं. तरी शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये वेड्याचं सोंग घेतलेला एडगर उंदरांनासुद्धा 'स्मॉल डिअर' म्हणतोच. जर्मन 'टीअर' हा याच शब्दाचा भाऊ. तो आजही सगळ्या प्राण्यांचा. 'विल्डरनेस'च्या, म्हणजे ओसाड रानाच्या, पोटातही 'देओर' दडलेला आहे, हे कळल्यावर मला शब्दकोश चाळायचं व्यसनच लागलं.

मग सरांनी फळ्यावर 'मृग' लिहिलं. सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, शिकार ती मृगया. म्हणजे आपला मृगही आधी साऱ्या वन्य पशूंचा होता! ऋग्वेदात विष्णूला डोंगरात राहणाऱ्या भयंकर 'मृगा'ची उपमा आहे. तिथे बिचारं हरीण बसवून पाहा. इंग्रजीचा आणि संस्कृतचा हा शब्द एकमेकांचे नात्यातले नाहीत, तरी वाट एकच चालले. मला आजही याचंच नवल वाटतं. मोठे अर्थबदल असेच होतात, शिकाऱ्यांच्या नि गुराख्यांच्या तोंडी. पंडितांना नंतर पत्ता लागतो.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडं जनावर निघालं म्हंजे साप निघाला."

सर खळखळून हसले. "अरे, मग इंग्लंडात झालं तेच तुमच्या गावात चाललंय!" एवढ्यात घंटा झाली, पण कुणी उठलं नाही. पुढचा तास गणिताचा होता, हेही त्याचं एक कारण.