येऊरचा उतार आणि १९२४ ची फोर्ड

आमचं ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ब्रेकचं काम आहे. ट्रक, टेम्पो, शाळेच्या बस यांचे ड्रम लेथवर टर्न करून द्यायचे, शूवर ड्रमला घासणारं नवीन लायनर मारायचं, बाबांनी शेड घेतली तेव्हापासून हेच चालू आहे. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक काका आले, नौपाड्यातले, सत्तरी ओलांडलेले, आणि मागून रिक्षावाला एक जड खोकं उचलून घेऊन आला. उघडलं तर आत दोन स्टीलचे ड्रम, आतून लायनर लावलेले दोन पट्टे, सळया आणि एक आडवी दांडी. म्हणाले हे माझ्या गाडीला बसवून द्याल का, दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. गाडी कुठली विचारलं तर म्हणाले फोर्ड मॉडेल टी, १९२४ ची.

ही गाडी १९०८ ते १९२७ बनत होती आणि दीड कोटीच्या वर बनल्या, पण आपल्या शेडमध्ये एक येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सहाला, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत, काका स्वतः ती चालवत घेऊन आले. काळी, उघडी टूरिंग, लाकडी आऱ्यांची चाकं, समोर हँडल मारून चालू करायची. उजव्या बाजूला स्टिअरिंग, कारण इंग्रजांच्या ताब्यातल्या देशांसाठी या गाड्या कॅनडातल्या कारखान्यातून यायच्या. खाली तीन पेडल आणि त्यात ॲक्सिलरेटर नाहीच, तो स्टिअरिंगखाली हाताने ओढायचा. मधलं पेडल रिव्हर्सचं. मी वीस वर्षं गाड्या चालवतोय पण त्या सीटवर बसल्यावर पाय कुठे ठेवायचा तेच कळेना.

आता ब्रेकचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकावर नसतोच. तो गिअरबॉक्सच्या आत असतो, एका ड्रमभोवती पट्टा गुंडाळलेला आणि तोही इंजिन ऑइलमध्ये बुडालेला. पेडल दाबलं की तो पट्टा ड्रमला आवळतो, मग युनिव्हर्सल जॉइंट, मग लांब शाफ्ट, मग पिनियन म्हणजे शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर, मग त्याला लागणारा मोठा गिअर म्हणजे क्राऊन, मग दोन्ही चाकांना ताकद वाटणारं डिफरन्शियल, मग ॲक्सल, मग ॲक्सलच्या टेपरवर बसवलेली एक छोटीशी चावी आणि मग कुठे चाक. एवढ्या सगळ्यातून ब्रेक मागच्या चाकापर्यंत पोचतो, यातलं कुठलंही एक सुटलं की पेडल दाबत बसा, गाडी आपली चाललीच. पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत. हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे पण त्याचे शू मूळचे नुसते बिडाचे, लायनर नाही, ड्रमही लहान, तो उभी गाडी धरायला ठीक आहे. सपाट रस्त्यावर हळू चालणाऱ्या हलक्या गाडीला तेव्हा एवढं चाललं असेल, पण डोंगरात राहणाऱ्या लोकांना नाही चाललं, म्हणून त्याच काळात अमेरिकेत दुसऱ्या कंपन्यांनी चाकावर बाहेरून बसवायचे ब्रेक काढले. त्यातलेच हे रॉकी माउंटन ब्रेक. मूळ ड्रमवर मोठा ड्रम चढवायचा, त्याच्या बाहेरून लायनरचा पट्टा, आणि सळया ओढून त्याच पायाच्या पेडलला जोडायच्या. नवीन बनवलेले सेट आजही मिळतात, काकांनी तसाच मागवला होता. चॅसीला कुठे भोक पाडायचं नाही, उद्या काढून ठेवले तर गाडी पुन्हा जशीच्या तशी. काकांना त्याचीच जास्त काळजी होती, दोनदा विचारलं, काही कापणार नाही ना?

गाडी घोडीवर घेतली. मागचं चाक काढायच्या आधी मी सवयीने दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवलं. हे मी प्रत्येक गाडीला करतो. चाक हललं, पण बेअरिंग गेल्यावर तिरकं डुगडुगतं तसं नाही, सरळ ॲक्सलसकट आत गेलं आणि बाहेर आलं, चांगलं एक सूतभर. आतून टक्क असा आवाज. मी पोराला म्हटलं पलीकडचं हलव, तिकडेही तेच.

मग हाऊसिंगचा, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या कवचाचा, ऑइलचा प्लग काढून बोट घातलं. बाहेर आलं ते ऑइल राखाडी आणि बोटावर चांदीसारखी चमक. क्राऊन-पिनियन झिजलं तरी चुरा असतो, पण तो लोखंडाचा. मी लोहचुंबक आणला, बोटाजवळ धरला, कणसुद्धा हलला नाही. पेपरवर पुसून परत धरला, नाहीच. तिथे माझ्या पोटात गोळा आला. कारण आदल्या आठवडाभर रोज रात्री या गाडीबद्दल वाचत होतो आणि त्यात एक गोष्ट सगळे सांगत होते की डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूला व्हाइट मेटलचे, म्हणजे लोखंड नसलेल्या मऊ धातूचे, थ्रस्ट वॉशर असतात, बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्या, ते म्हातारे झाले की ठिसूळ होतात आणि भुगा होतो. क्राऊनला पिनियनशी धरून ठेवायचं काम त्यांचं. तो वॉशर गेला की क्राऊन बाजूला सरकतो, दात सुटतात, आणि दात सुटले की ब्रेक पण सुटला.

काकांना सांगितलं, हाऊसिंग उघडावं लागेल. ते म्हणाले, "अहो, मी ब्रेक बसवायला दिलेत, गाडी उघडायला नाही. माझ्या वडिलांच्या हातची आहे ती, आजवर कोणी उघडली नाही." मी म्हटलं, "काका, म्हणूनच उघडायची. मी नुसते ब्रेक बसवून गाडी नाही देणार, राग मानू नका." ते चिडले, म्हणाले मग दुसरीकडे नेतो. मी म्हटलं न्या, पण टोइंगवर न्या, चालवत नाही. बराच वेळ स्टूलवर बसून राहिले. चहा आला, तो गार झाला. शेवटी म्हणाले, माझ्यासमोर उघडा.

अख्खा ॲक्सल खाली उतरवून हाऊसिंगचे बोल्ट काढून दोन भाग वेगळे करेपर्यंत दुपारचे तीन वाजले. सगळे इंची पाने, नट शंभर वर्षं जुने, घाई करून चालतच नाही. आत काळं घट्ट ग्रीस. उजव्या बाजूचा वॉशर तीन तुकड्यात होता. डाव्या बाजूचा, म्हणजे क्राऊनच्या मागचा, तो वॉशर नव्हताच. दोन स्टीलच्या चकत्यांमध्ये भाजलेल्या शेंगदाण्याएवढा एक तुकडा अडकलेला आणि खाली तळाला राखाडी गाळ. मी क्राऊनचे दात रॉकेलने पुसून बॅटरी मारली. दाताच्या रुंदीवर जिथे घासून चमक पाहिजे तिथे काही नाही, एकदम कडेला एक बारीक चकचकीत रेघ. म्हणजे तेवढ्याच काठावर ती गाडी चालत होती आणि तेवढ्याच काठावर थांबत होती.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, बोट लावून ती रेघ बघितली. मग म्हणाले, "गेल्या रविवारी येऊरला जाऊन आलो. उतरताना मागे सून आणि नात बसली होती."

ज्यांनी ठाण्याच्या डोंगरातला येऊरचा रस्ता बघितलाय त्यांना कळेल. उपवनकडून वर जाताना झाडी सुंदर, पण उतरताना वळणंच वळणं आणि रविवारी पायी फिरणारी माणसं, सायकलवाले, लहान पोरं रस्त्यावर. मी काही बोललो नाही. काय बोलणार. पोराने गुपचूप तो शेंगदाण्याएवढा तुकडा उचलून काकांच्या हातात दिला, त्यांनी तो रुमालात बांधून खिशात ठेवला.

पुढचं काम आठवडाभर चाललं. गनमेटलचा, म्हणजे ब्राँझचा, गोल बार आणून दोन वॉशर मीच लेथवर काढले, क्राऊन-पिनियनमध्ये दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोकळी चाल मिळेपर्यंत घासत, लावत, परत काढत. हाऊसिंगच्या टोकांना मूळचे नमद्याचे सील होते, त्यातून ग्रीस गळून थेट ब्रेकवर येतं, तिथे रबरी ऑइल सील टाकले. लायनरला एकदा ग्रीस लागलं की कितीही धुवा, तो लायनर मेला.

नवीन ड्रम चढवले तर डायल गेजवर पंचवीस थाऊ आऊट, म्हणजे फिरताना तेवढे डुलत होते. चाक लाकडी आहे, आरे शंभर पावसाळे खाऊन बसलेत, ड्रम त्यांनाच बोल्टने धरलेला. एका बाजूने पातळ पत्रा घालून आठ थाऊपर्यंत आणला. त्या आडव्या दांडीला काका फालतू समजत होते, पण सगळ्यात महत्त्वाची तीच, तराजूच्या दांडीसारखी दोन्ही चाकांना सारखी ओढ वाटून देते. ती नसेल तर एक चाक आधी जाम होतं आणि गाडीचं बूड फिरतं. पेडल असं लावलं की पहिल्या अर्ध्या दाबाला चाकावरचे पट्टे पकडतात आणि अजून दाबलं तर आतला जुना पट्टाही लागतो, म्हणजे एक गेला तरी दुसरा आहे.

एक मात्र चूक झाली, ती माझी. ट्रायलला गेटबाहेरच्या चढावर गाडी मध्येच बंद पडली, काका चालवत होते, मी बाजूला. पेडल दाबलेलं असूनही गाडी मागे सरकायला लागली. पोराने पळत येऊन चाकामागे लाकडी गुटका टाकला म्हणून थांबली, मागे रिक्षा उभी होती. बाहेरून आवळणारा पट्टा गाडी पुढे जाताना ड्रमच्या फिरण्याने आणखी घट्ट होतो, उलटं फिरताना तोच सैल पडतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं, त्यातून या गाडीचं पेट्रोल सीटखालच्या टाकीतून आपोआप उतरतं, टाकी कमी भरलेली असेल तर चढावर इंजिन बंद पडणारच. मग हँडब्रेकचे बिडाचे शू काढले, लेथवर उतरवून वर पातळ लायनर चिकटवलं. ते आतून उघडतात, दोन्हीकडे सारखे धरतात. तोवर काकांना गाडी दिली नाही.

पुढच्या रविवारी पहाटे येऊरला गेलो. नात यायचा हट्ट करत होती, काका म्हणाले आज नाही. चढताना टाकी पूर्ण भरलेली, गाडी आरामात गेली. उतरायला लागलो तेव्हा माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, काकांच्या उजव्या हाताकडे होतं. पहिल्या दोन वळणांवर तो हात हँडब्रेकच्या दांडीवर आवळून धरलेला, नखं पांढरी. तिसऱ्या वळणावर समोरून सायकलवाल्यांचा घोळका आला, काकांनी नुसता पाय दाबला, गाडी सरळ रेषेत, बूड न हलवता थांबली. सायकलवाले हात करून गेले. त्यानंतर काकांनी दांडीवरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला तो उपवन येईपर्यंत तिथेच.

तलावाजवळ गाडी लावली आणि मी खाली बसून दोन्ही ड्रमना हात लावून बघितला. उजवा कोमट, डावा जरा जास्त तापलेला. खिशातून पाना काढला आणि डावीकडचा नट अर्धा आटा सैल केला.