तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी सायकल चालवता, तर खाता काय?

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारतात आणि त्याला जोडूनच येतं, प्रोटीन पावडर कुठली घेता? बायका मात्र जरा बाजूला घेऊन हळूच विचारतात, वजन उतरवायचंय गं, सकाळी उपाशीपोटी चालवली तर चालेल ना? मला आधी ह्याचंच उत्तर द्यायचंय, कारण ते मी करून बसलेय.

पहिल्यांदा पुण्याहून साताऱ्याला सायकलने निघाले तेव्हा पहाटे फक्त चहा घेतला होता, डोक्यात हेच की पोट रिकामं असलं की चरबी जळते. शिरवळपर्यंत मस्त गेले. खंबाटकी घाट चढायला लागले आणि अर्ध्यात पाय एकदम गेले, म्हणजे दुखत नव्हते हं, त्यांच्यात काही उरलंच नव्हतं, हात थरथरायला लागले, गार घाम सुटला आणि रस्त्याच्या कडेला बसून मला उगाचच रडू यायला लागलं. मागून एक सायकलवाले काका आले, काही न विचारता दोन राजगिऱ्याचे लाडू हातावर ठेवले आणि म्हणाले, "आधी खा पोरी, मग बोल." वीसेक मिनिटांत मी माणसात आले.

ह्याला सायकलवाले बॉन्क म्हणतात. आपल्या स्नायूंमध्ये साधारण 400 ग्रॅम आणि लिव्हरमध्ये 100 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, असतं, त्यातलं लिव्हरमधलं बरंचसं रात्रीच्या झोपेत खर्च होतं, आणि जोरात चालवली तर दीड-दोन तासांत बाकीचंही तळाला जातं. चरबी अंगावर भरपूर असते पण ती सावकाश जळते, चढावर तेवढ्याने भागत नाही.

म्हणून राइड दीड तासाच्या वर असेल तर पहिल्या अर्ध्या तासापासूनच खायला सुरुवात करायची, भूक लागली म्हणजे उशीर झालाच. तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे साखर नि स्टार्च, लागतात. मध्यम केळ्यात 25 च्या आसपास मिळतात, त्यामुळे एक केळं आणि वर चिक्की किंवा खजूर एवढ्यावर माझा तास निघतो. 200 किमीच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास असतात, तेव्हा नुसतं गोड खाऊन वीट येतो, मग मी मीठ लावलेला उकडलेला बटाटा ठेवते. एनर्जी जेल (पाकिटातला गोड घट्ट पाक) वाईट नाहीत, पण महाग आहेत आणि माझं काम त्यांच्यावाचून अडलं नाही. निघायच्या आधी पोहे. मिसळ राइड संपल्यावर, कारण तेलकट पोटात रेंगाळतं आणि मग चढावर आंबट ढेकर येत राहतात. संकष्टी असेल तर साबुदाण्याची खिचडी तूप-दाणे बेताचे घालून खुशाल खा, साबुदाणा म्हणजे स्टार्चच.

आणि पाणी! नुसतं पाणी ढोसत राहू नका प्लीज. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी फार झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि फारच वाढलं तर जिवावर बेतू शकतं. मी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालते, वर लिंबू पिळते. बीपी किंवा शुगर असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता वजनाचं. कमी करायचंच असेल तर राइड नसलेल्या दिवशी फरसाण, बिस्किटं, दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात ह्यातून करा ना, सायकलवर कशाला उपाशी राहायचं. बायकांना तर मी हात जोडून सांगते, खूप व्यायाम आणि कमी खाणं महिनोन्‌महिने चाललं की पाळी अनियमित होते, कधी थांबतेसुद्धा, आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पाळी चुकली की "व्यायामाने होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे जा.

राहिली पावडर. प्रोटीन लागतं, पण ते दिवसभरात, स्नायू भरून यायला, त्याने घाट चढत नाही. मी घरी आले की आधी वाटीभर दही-पोहे खाते, आंघोळ करते, मग मोडाच्या मुगाची उसळ, दोन अंडी, वरण-भात असं नीट जेवते. पावडर मी घेत नाही. ते काका अजून कधीतरी कात्रजला भेटतात, लाडू त्यांच्या खिशात असतातच, आता माझ्याही असतात.