जातं झाडतात, धूत नाहीत: मसाल्याच्या हातचक्कीची दुसरी नोंद

पहिल्या नोंदीत ओट्यावर तीन हातचक्क्या मांडून थांबले होते. आज त्यातल्या दोनच उभ्या आहेत. पितळी सुटी होऊन वर्तमानपत्रावर पडली आहे, आणि तो पराक्रम माझाच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी एवढंच, की मला घरचा सगळा मसाला हाताने दळायचा नाही. वर्षाचा गोडा मसाला कांडपावरूनच येतो, तो तसाच येवो. मला लागतात पाचपंचवीस मिरे, चार वेलदोडे, ताकावर भुरभुरायला चमचाभर जिरे. एवढासा ऐवज मिक्सरमध्ये पात्याभोवती नुसता गरगरतो. खलबत्त्यात घातला तर निम्मे मिरे फ्रिजखाली. (आमच्या फ्रिजखाली सध्या कोकणातल्या एखाद्या वाडीएवढं उत्पन्न निघेल.)

कोण कोण आहेत

एक पितळी, तुर्की घाटाची. लांबट नळी, वर दुमडणारा दांडा, खाली पूड जमा व्हायचा कप. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी घासाघीस करून घेतली. बाहेरून सगळी पितळ असली, तरी दळणारे दाते पोलादाचे आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे महागात पडणार आहे.

दुसरी लाकडी, मिऱ्यांसाठीची, प्युजोची. हो, तीच मोटारवाली. नव्वदच्या दशकात कल्याणला यांच्या गाड्या बनत होत्या. पण मिऱ्यांची चक्की हे लोक १८७४ पासून करतात आणि कॉफीची १८४० पासून. मोटार बरीच नंतरची. भावाने आणून दिली. हिच्या दात्यांना दोन टप्पे आहेत. वरचे मोठे, पिळदार दाते मिरा पकडून फोडतात आणि खालचे बारीक दाते त्याची पूड करतात.

तिसरी काचेच्या बरणीच्या तोंडावर बसणारी, सिरॅमिक दात्यांची. सगळ्यांत स्वस्त, आणि म्हणून मी तिला सुरुवातीला जरा सावत्र वागवलं.

जून, पहिला आठवडा: मोजमाप

प्रत्येकीत ५ ग्रॅम मिरे. उत्साहाच्या भरात मोजले, ११० दाणे भरले. पितळीने चार मिनिटं घेतली, पण पूड अशी की जवळजवळ सगळी मैद्याच्या चाळणीतून खाली उतरली. लाकडीने दीड मिनिटात काम उरकलं आणि साधारण निम्मी पूड चाळणीवर राहिली. सिरॅमिकला दोन मिनिटं लागली. तिची भरड सगळ्यांत जाड आणि कमीजास्त, म्हणजे एखादा कण रव्याएवढा तर एखादा अर्धा मिरा.

यावरून मी वहीत ‘पितळी पहिली’ असं लिहून टाकलं. आता ते खोडलंय. किती बारीक दळते हे पाहून चक्की निवडणं म्हणजे फोटो पाहून स्थळ पसंत करण्यातला प्रकार आहे. खरी ओळख साफ करायला बसलं की पटते.

आषाढी एकादशीचा घोळ

साबुदाण्याची खीर होती. वेलदोड्याची पूड हवी होती. आपल्याकडे वेलदोडे मिक्सरला लावताना बरोबर दोन चमचे साखर घालायची सवय असते, कारण नुसते दाणे पात्याला लागत नाहीत. त्याच सवयीने मी पितळी चक्कीत वेलदोड्याच्या दाण्यांबरोबर साखर घातली. पूड काय सुंदर पडली! खीर झाली, सगळ्यांनी वाट्या चाटल्या, चक्की तशीच ओट्यावर राहिली.

रात्रभर पाऊस. सकाळी दांडा फिरवायला गेले तर हलेना. जोर केला तर दांड्याऐवजी अख्खी चक्कीच हातात फिरली. दात्यांमधल्या साखरेने दमट हवेतलं पाणी ओढून घेतलं होतं, वेलदोड्याचं तेल तिच्यात मिसळलं होतं, आणि आत चक्क चिक्की जमली होती.

साखर पाण्याशिवाय सुटत नाही आणि पोलादाला पाणी चालत नाही. मी पाणी निवडलं. कोमट पाण्यात मधला भाग दहा मिनिटं बुडवला, ब्रशने घासला, फडक्याने पुसला, आणि पुसलं म्हणजे कोरडं झालं असं समजून सगळं परत जोडून ठेवलं. आईला फोनवर कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, जात्याला कोणी अंघोळ घालतं का? जातं झाडतात. कुंचा असायचा त्याला.”

तिसऱ्या दिवशी उघडलं. दाते विटकरी झाले होते.

गंज काढताना

ज्यांच्याकडे या घाटाची चक्की आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते.

खालचा कप ओढून काढला की दात्यांच्या शंकूखाली मधोमध एक स्क्रू दिसतो. पूड बारीक की जाड ते हाच ठरवतो. घट्ट केला की बारीक, सैल केला की जाड. तो काढण्याआधी पूर्ण घट्ट करायचा आणि किती फेऱ्या बसल्या ते मोजून लिहून ठेवायचं. माझ्या सव्वादोन. हे न करता उघडलं तर नंतर जुनं माप सापडेपर्यंत मिरे वाया जातात. स्क्रू निघाला की शंकू खाली घसरतो आणि आतली स्प्रिंग टुणकन बाहेर येते. ती ओट्याखाली गेली तर मिरे सापडतील पण स्प्रिंग सापडणार नाही, म्हणून ताटात उघडा.

शंकू कोरड्या पितळी तारेच्या ब्रशने घासला. दात्यांच्या खाचा एकेक करून टाचणीने कोरल्या. मग जोडून कच्चे तांदूळ दळायला घेतले, एका वेळी एकच चमचा. पहिल्या चमच्याचं पीठ विटकरी आलं. दुसऱ्याचं फिकट गुलाबी, तिसऱ्याचं राखाडी. पाचव्याला पांढरं पडलं, तरी सहावाही दळला, कारण पांढऱ्यातही हाताला किंचित कचकच लागत होती. नवा पाटा-वरवंटा आणला की आधी त्यावर तांदूळ वाटून टाकून देतात, टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं दळण खात नाहीत. काम तेच, यंत्र फक्त मुठीएवढं.

शेवटी सुटे भाग तव्यावर ठेवले. पोळ्या झाल्या, गॅस बंद केला, तवा हाताला सोसेल इतका निवला आणि मग त्यावर अर्धा तास. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार?

तेलाचं म्हणाल तर मी खोबरेलाचं बोट फिरवून पाहिलं होतं. आठवड्यात खवट वास आला. शिलाई मशीनचं तेल पोटात जायच्या वस्तूला लावायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. दाते कोरडे ठेवले तर तेलाची गरजच पडत नाही, या मतावर मी आता आले आहे.

एक जपायची गोष्ट. जुन्या पितळेत शिसं असू शकतं. त्यामुळे पूड खालच्या कपात साठवून ठेवत नाही, दळली की लगेच काढते. आणि बाहेरून चमकवायला चिंच-मीठ चोळायची हुक्की आली तर दाते आधी बाजूला काढून ठेवा. मीठ पोलादाला लागलं की गंजाची ही सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून.

लवंग आणि जायफळ

वासाचा प्रश्न गंजापेक्षा चिवट निघाला. लवंगेत तेलच वजनाच्या १५ ते २० टक्के असतं आणि त्यात बहुतेक युजेनॉल, म्हणजे दाढ दुखताना कापसावर घेतो तेच. लाकडीत एकदा लवंगा घातल्या, नंतर दोन आठवडे पिठल्यावर टाकलेल्या मिरपुडीलाही दवाखान्याचा वास. तांदूळ दळले, थोडा कमी झाला. मग कुरमुरे कढईत कोरडे परतून, गार करून दळले आणि ते जास्त चालले. हलके, भुसभुशीत, तेल टिपून घेतात, दात्यांवर ताणही येत नाही. सादळलेले कुरमुरे मात्र नकोत, त्यांचा लगदा होतो. वास अजून आहे, पण शोधावा लागतो.

पारदर्शक प्लास्टिकच्या चक्कीत लवंग तर घालूच नका. युजेनॉलने ते प्लास्टिक धुरकट होतं, बारीक तडे जातात. एका मैत्रिणीची पाहिली, मोतीबिंदू झाल्यासारखी दिसत होती.

जायफळ मी कोणत्याच हातचक्कीत घालणार नाही. त्यात २५ ते ४० टक्के स्निग्धांश असतो. दळलं की दात्यांत मेणासारखं बसतं. सहाणेवर उगाळा किंवा किसणीवर किसा. कॉफीवर घालायला किसणीवर चारदा घासलं की काम झालं. इथे आजीच्या सहाणेपुढे माझ्या तिन्ही चक्क्या हरल्या आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

जिऱ्यांबद्दल एकच. भाजून पूर्ण गार होऊ द्या. गरम घातले की आत वाफ धरते आणि पूड दात्यांना चिकटते. घाईत मी हे दोनदा केलं आहे.

सध्याची मांडणी

सावत्र वागवलेली सिरॅमिक आता रोज हातात असते. चाकावरची खूण जुळवली की दाते बाहेर येतात, साबणाने धुता येतात, मीठ-सैंधवही चालतं. जाडी कमीजास्त पडते, पण ताकातल्या जिऱ्याला तेच बरं लागतं. फक्त पाडायची नाही, सिरॅमिकच्या दात्याचा टवका उडून जेवणात जाऊ शकतो. लाकडी फक्त मिऱ्यांची, तिच्यावर मी पेन्सिलीने ‘मिरेच’ असं लिहून ठेवलंय, कारण घरात मी एकटीच प्रयोग करत नाही. पितळी परवा जोडणार, सव्वादोन फेऱ्यांवर, आणि तिच्यात यापुढे वेलदोडे. साखरेशिवाय.

नवी घेणार असाल तर दुकानातच उघडून दाखवा म्हणा. हत्याराशिवाय दाते सुटतात का, ब्रश खाचांपर्यंत पोचतो का, दांडा जिथे बसतो तो चौकोनी खुंट धातूचा आहे की प्लास्टिकचा, आणि नळी आपल्या मुठीत मावते का ते बघा. दळून दाखवायला ते तयारच असतात, उघडून दाखवायला कां कूं करतात.

गोव्याहून तिरफळं आली आहेत. आतल्या काळ्या बिया टाकायच्या आणि नुसती टरफलं घ्यायची. ती चिवट असतात, पितळीचे बारीक दाते ओढतील की नाही याची शंकाच आहे, म्हणून आधी सिरॅमिकमध्ये अर्धा चमचा. बिया काढायला आत्ता बसते.