राइप पुएर नव्याने पिताय? आधी त्या वासाचं बघू

राइप पुएर या चिनी चहाबद्दल मला कोणी विचारलं की मी चवीवर नंतर येते, आधी वासाबद्दल बोलते. कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. कप नाकाशी नेला की ओली माती, जुनं लाकूड, वाशीच्या धान्य मार्केटमध्ये गोडाऊनमधल्या पोत्यांच्या थप्प्यांमधून जाताना येतो ना तसा एक जड वास येतो, आणि आपल्याकडे चहा म्हटलं की आलं, वेलची, उकळलेलं दूध, त्यामुळे सरळ वाटतं की हे खराब झालंय, ठेवून द्या. एका घोटात निकाल लावून लोक मोकळे होतात आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा चहा खरंतर नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा आहे.

मला स्वतःला तो आवडायला लागला तो तो कसा बनतो हे कळल्यावर. पुएर म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला चहा, मोठ्या पानाच्या झाडाचा, पानं उन्हात वाळवलेली. आणि हे झाड आपल्याला अगदीच परकं नाही बरं का, आपला आसामचा चहा ज्या जातीचा, कॅमेलिया सायनेन्सिस असामिका, तीच जात. म्हणजे सकाळी आपण जी सीटीसी पावडर टाकतो तिचं आणि या चहाचं घराणं एकच.

तर पुएर दोन प्रकारचा. रॉ, त्याला शंग म्हणतात, तो नुसता दाबून ठेवायचा आणि वर्षानुवर्षं मुरू द्यायचा. नवीन असताना चांगलाच कडू आणि तुरट लागतो. हाँगकाँगमध्ये जुन्या मुरलेल्या पुएरला फार मागणी होती, पण वीस-तीस वर्षं वाट कोण बघणार, म्हणून 1973 च्या सुमारास कुनमिंगच्या चहा फॅक्टरीत आणि मग मेंगहायच्या फॅक्टरीत तेच काम लवकर करायची पद्धत बसवली गेली. तिला वो दुई म्हणतात. वाळलेल्या पानांचा मोठा ढीग घालायचा, जवळजवळ मीटरभर उंच, त्यावर पाणी मारायचं, कापडाने झाकायचं आणि बुरशी-जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं. आत ढीग इतका तापतो की तापमान 50-60 अंशांवर जातं, मग माणसं तो फावड्याने उलथतात, पुन्हा रचतात, पुन्हा झाकतात, असं साधारण दीड-दोन महिने. हिरवट पान या काळात तपकिरी-काळं होतं, त्यातला कडवटपणा मोडतो आणि चहाला तो गडद लालसर काळा रंग देणारी थिअब्राउनिन नावाची द्रव्यं तयार होतात. हाच राइप, म्हणजे शोउ पुएर.

आता वास. तो या ढिगाचाच वास आहे, चिनी लोक त्याला दुई वेई म्हणतात, आणि नवीन बनलेल्या चहात तो सगळ्यात जास्त असतो, कधीकधी थोडा मासळीसारखाही. वर्ष-दोन वर्षं हवा लागली की तो आपोआप बसतो. म्हणून पहिल्यांदा घेताना अगदी ताजा माल घेऊ नका, तीन-चार वर्षं जुना केक, म्हणजे दाबलेली चकती, घ्या, फरक एकदम कळतो. आणि हातात नवीनच आला असेल तर त्यातला थोडा फोडून एका उघड्या वाडग्यात कापड बांधून काही दिवस ठेवा. चांगला शोउ माती, लाकूड, खजूर, कधी कोको अशा वासाचा असतो. आंबट किंवा नाकात जाऊन टोचणारा कुबट वास आला तर मात्र तो चहा बिघडलेलाच आहे, तिथे मनाची समजूत घालायची गरज नाही, सरळ टाकून द्या.

ही चकती पूर्ण आकाराची असेल तर 357 ग्रॅमची. सुरवातीला एवढी घ्यायची काही गरज नाही, 100 ग्रॅमच्या छोट्या चकत्या मिळतात किंवा नमुन्याची पाकिटं घ्या. ते चमकी कागदातले दाबलेल्या चहाचे गोळीएवढे तुकडे, मिनी तुओ, असतात ना, दिसायला गोड, पण त्यात बरेचदा चुरा असतो आणि पाण्यात सगळं एकदम सुटतं. माझं मत विचाराल तर पहिली ओळख त्यांच्यावर करू नका. त्यापेक्षा 7572 सारखी जुनी नावाजलेली रेसिपी, म्हणजे पानांचं ठरलेलं मिश्रण, बघा. त्या आकड्यात पहिले दोन म्हणजे रेसिपीचं साल, तिसरा साधारण पानाची प्रत आणि शेवटचा फॅक्टरी, 2 म्हणजे मेंगहाय. लोक 75 बघून 1975 चा चहा समजतात, तसं नाही, रेसिपी तेव्हाची, चहा कुठल्याही वर्षीचा असू शकतो.

केक फोडायला खास सुरी मिळते पण घरात पोती शिवायचं दाभण असेल ना, ते उत्तम. कडेने आडवं घालायचं, दाबायचं नाही, हळूच वर उचलायचं, की पापुद्रा निघतो तसे पानांचे थर सुटून येतात. बोटं दाभणाच्या टोकासमोर ठेवू नका एवढंच. सुटलेल्या पानांकडे नीट बघा, काळ्या-तपकिरी पानांमध्ये सोनेरी-तांबूस काड्या दिसतील, त्या कोवळ्या कळ्या आहेत, बुरशी नव्हे. बुरशी पांढरी-हिरवी आणि केसाळ असते.

बनवायला पाणी कडकडीत, उकळी फुटलेलं. ग्रीन टीसारखं थंड करत बसायचं नाही. झाकणाच्या चिनी मातीच्या कपात, म्हणजे गायवानमध्ये, 100 मिलीला पाचेक ग्रॅम पानं. पहिलं पाणी घालून पाच-दहा सेकंदांत ओतून टाका, शोउला असं दोनदा करा, पानं जागी होतात आणि तो गोडाऊनचा वास अर्धा तिथेच सिंकमध्ये जातो. मग पहिला राउंड दहा सेकंद, पुढे हळूहळू वाढवत जायचं. चांगली पानं आठ-दहा राउंड आरामात देतात. पहिले दोन-तीन राउंड इतके गडद उतरतात की कपाचा तळ दिसत नाही, चौथ्या-पाचव्यापासून रंग तांबूस व्हायला लागतो आणि माझ्या मते खरी मजा इथे आहे, मातीपणा मागे सरतो, चहा जिभेवर जाड आणि मऊ लागतो आणि गिळल्यावर घशात एक गोडवा येतो जो साखरेचा नाही. हा गोडवा शोधायचा. घोट घेतला की लगेच दुसरा घेऊ नका, थोडं थांबा, तो मागून येतो.

गायवान नसेल तर अडू नका. मगमध्ये तीन ग्रॅम, दोनदा धुवून, तीन मिनिटं, गाळणीने गाळायचं, झालं. आणि ऑफिसच्या कॉलमध्ये विसरलात, दहा मिनिटं राहिलं तरी तो ग्रीन टीसारखा कडूजहर होत नाही, फक्त दाट होतो. सोपा म्हटलं ते यासाठी.

पाण्याचा फरक मात्र प्रचंड पडतो. आमच्या नेरूळला नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, त्यात चहा गोल आणि गोड उतरतो. तोच चहा एका मैत्रिणीकडे बोअरच्या जड पाण्यात केला तर वर तवंग आला आणि चव एकदम चपटी. तुमच्याकडे टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर फिल्टरचं वापरा, चहाला दोष देण्याआधी.

दूध घालू नका हो. आईने पहिल्यांदा कप बघून विचारलं, "दूध घालायचं राहिलंय का गं?" मी म्हटलं, "आई, तू याला चहा समजूच नकोस, जेवण झाल्यावर गरम काहीतरी प्यायला दिलंय असं समज." रविवारचं मटण झालं होतं, तिने प्यायला, आणि म्हणाली की पोटाला बरं वाटतंय, अजून दे. हाँगकाँगमध्ये डिमसमबरोबर, म्हणजे मोमोसारख्या छोट्या पदार्थांबरोबर, हाच चहा पितात, तेलकट-जड खाण्यासोबत तो मस्त जातो, वडापावसोबतसुद्धा. वजन कमी करायला म्हणून जे विकतात त्यांच्या नादी लागू नका, चहा चहासाठी प्या. आणि कॅफीन यातही असतं, झोप हलकी असेल तर रात्री नको.

राहिलं ठेवायचं. पुएरला थोडी हवा लागते हे खरं पण ते सांगणारे आपल्या पावसाळ्यात राहत नाहीत, इथे खाडीकाठी जुलैत कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते. बाकीचं वर्ष मी केक कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात बेडरूमच्या कपाटात ठेवते, स्वयंपाकघरापासून आणि देवघरापासून लांब कारण मसाला आणि उदबत्ती दोन्हीचा वास तो पटकन धरतो. जून लागला की तेच केक झिपच्या जाड पिशवीत बंद, हवा दाबून काढून, आणि रोज प्यायचा तेवढा छोट्या स्टीलच्या डब्यात काढलेला. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुन्हा खोक्यात.